पंखाचा अभ्रा

उशीला अभ्रा घालतात तसाच विमानाच्या पंखालाही घालतात, हे मला वयाच्या ६१ व्या वर्षी कळलं. कापड बेतायचं, कडा शिवायच्या, एक बाजू उघडी ठेवायची आणि मग दोघातिघांनी मिळून तो लांबलचक अभ्रा टोकाकडून चढवत न्यायचा. उशी मऊ असते, हवी तशी दबते. पंख दबत नाही. साधारण ४ मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, लाकडी फासळ्यांचा तो सांगाडा आपल्या मापावर अडून बसतो. कापडानेच त्याचं ऐकायचं असतं.

हा पंख १९२९ साली बांधलेल्या एका जिप्सी मॉथ विमानाचा. या विमानाला दोन्ही बाजूंना एकावर एक असे पंख असतात; हा उजवीकडचा खालचा. तो उघडा करून पुन्हा कापडाने मढवायला आम्हाला जवळपास सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी काय शिकले ते सगळं लिहून ठेवायचं आहे, कारण हे काम हाताने येणाऱ्या माणसांची संख्या दर वर्षी कमी होते आहे.

मी इंग्लंडमध्ये हर्टफर्डशरला राहते. हॅटफील्ड इथून जवळ. १९३० नंतर मॉथ विमानं बनवणाऱ्या डी हॅव्हिलंड कंपनीने आपला मुक्काम लंडनच्या एजवेअर भागातल्या स्टॅग लेनवरून इथे हलवला, त्यामुळे या टापूत विमानांची आठवण जागोजागी आहे. निवृत्त झाल्यावर एका गवती धावपट्टीच्या कडेला असलेल्या छोट्या वर्कशॉपमध्ये बुधवारी आणि शनिवारी मदतीला माणसं हवी आहेत असं कळलं. मी गेले. काय येतं, असं विचारल्यावर म्हटलं, शिवता येतं. तिथल्या सर्वांत जुन्या कारागिराने (मनातल्या मनात मी त्यांना पहिल्या दिवसापासून मिस्त्री म्हणत आले) कापडाचे दोन तुकडे, सुई-दोरा दिला आणि कड जोडायला सांगितली. हाताने. झाल्यावर त्यांनी खिशातली पट्टी काढून टाक्यांवर ठेवली. इंचाला आठ टाके हवे होते. आठच होते. आईने लहानपणी माझ्याकडून साडीचे फॉल लावून घेतले, त्याची ती कमाई.

आई विलेपार्ल्याला दोन खोल्यांच्या घरात ब्लाउज शिवायची. खिडकीशी उषा मशीन, मशीनवर पडणारा उजेड, आणि त्या उजेडात अधूनमधून जुहूच्या विमानतळाकडे उतरणाऱ्या लहान विमानांची सावली. वडील प्रत्येक वेळी न चुकता सांगायचे की टाटांनी पहिली टपाल इथेच आणली. १५ ऑक्टोबर १९३२. कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला, पुस मॉथ नावाचं एकच इंजिन असलेलं विमान, स्वतः जे. आर. डी. चालवत होते. तिथून पुढे बेल्लारी आणि मद्रासला नेव्हिल व्हिन्सेंट घेऊन गेले. ते विमान कापडाने मढवलेलं होतं हे मात्र वडिलांनी कधी सांगितलं नाही. आईला ते ऐकायला फार आवडलं असतं.

मॉथ म्हणजे आपल्याकडचा पतंग, दिव्यावर झेपावणारा. कंपनीचे संस्थापक जेफ्री डी हॅव्हिलंड यांना फुलपाखरं आणि पतंग गोळा करायचा नाद होता, आणि या विमानाचे पंख मागे दुमडून अंगाशी घेता येत, बसलेल्या पतंगासारखे. म्हणून ते नाव. मराठीत पतंग म्हटलं की संक्रांतीचाही आठवतो, आणि मला तो अर्थ जास्त जवळचा वाटतो. काड्या, ताणलेलं अंग, वजन जितकं कमी तितकं बरं. पहिलं मॉथ २२ फेब्रुवारी १९२५ ला स्टॅग लेनवरून उडालं. त्याचं इंजिन फ्रँक हॅलफर्ड या इंजिनिअरने युद्धानंतर उरलेल्या आठ सिलिंडरच्या रेनॉ इंजिनाचा अर्धा भाग घेऊन बनवलं होतं. चार सिलिंडर, एका ओळीत. पुढे १९२८ मध्ये कंपनीने स्वतःचं १०० अश्वशक्तीचं जिप्सी इंजिन आणलं आणि विमानाला जिप्सी मॉथ नाव पडलं. साधारण ६५० पौंडांना ते मिळायचं. पंख दुमडले की रुंदी सुमारे १० फुटांवर येई, म्हणजे मोटारीच्या पत्र्याच्या शेडमध्येही ठेवता येई. त्याच वर्षांत ब्रिटिश सरकारने उड्डाण क्लबांना पैसे द्यायला सुरुवात केली होती, आणि बहुतेक क्लबांनी मॉथच घेतलं. मुंबईचा फ्लाइंग क्लबही त्याच लाटेतला. १० फेब्रुवारी १९२९ ला जे. आर. डी. टाटांना तिथेच भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला.

हे सगळं मला आधीपासून माहीत नव्हतं. जुनं कापड उतरवता उतरवता कळत गेलं.

जुनं कापड फाडायचं नसतं, उसवायचं असतं. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी हे दोनदा सांगितलं. टाके कुठे होते, पट्ट्या कशा फिरवल्या होत्या, टोकाशी कापडाला चुणी कशी दिली होती, ते सगळं त्या कापडातच लिहिलेलं असतं. आम्ही प्रत्येक शिवणीचे फोटो काढले, कापडावर खुणा केल्या, आणि अख्खी कातडी एका मोठ्या टेबलावर पसरून ठेवली. आईही नवीन गिऱ्हाइकाचं माप टेपने न घेता अंगाला बसणारा जुना ब्लाउज मागायची. मापापेक्षा जुना कपडा खरं बोलतो, असं तिचं म्हणणं.

कापड निघालं आणि पंख समोर उघडा पडला. स्प्रूस लाकडाचे दोन लांब स्पार, म्हणजे पंखाचे कणे, त्यांच्यावर आडव्या बसवलेल्या पातळ फासळ्या, आणि मधून तिरप्या गेलेल्या तारा. इतकं हलकं, की आम्ही दोन बायकांनी तो उचलून फिरवला. एका फासळीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने काढलेली बाणाची खूण आणि एक आकडा होता. नव्वदेक वर्षांपूर्वी कुणीतरी ती खूण करून पुढच्या माणसाकडे फासळी दिली असेल. मी बराच वेळ तिच्यासमोर उभी होते.

त्या काळचा डिंक केसीनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेला. कोरडा असेल तोवर उत्तम धरतो, ओल लागली की बुरशी त्याला खाते. आमच्या पंखात मागच्या कडेजवळ तीन फासळ्यांचे सांधे सैल झाले होते, आणि ते बरोबर अशा ठिकाणी जिथे पाणी साठून राहतं. निचऱ्याचं एक भोक रंगाने बुजलं होतं. एवढ्याशा भोकापायी तीन फासळ्या गेल्या. सुतारकाम करणाऱ्यांनी त्या नव्या केल्या, आधुनिक डिंकाने जोडल्या, सगळ्या लाकडाला व्हार्निश दिलं, आणि जिथे कापड टेकणार तिथे वेगळा रंग लावला, कारण कापडावर वरून लावायचं डोप, म्हणजे वाळताना कापड ताणून धरणारा लेप, साध्या व्हार्निशला विरघळवतं. मग परवानाधारक इंजिनिअर आले. टॉर्च घेऊन त्यांनी एकेक सांधा, एकेक तार तपासली, वजन न पेलणारे मोळेसुद्धा हलवून पाहिले, आत कुणाचं हत्यार राहिलं नाही ना ते बघितलं आणि सही केली. ही सही झाल्याशिवाय कापड चढवता येत नाही. एकदा झाकलं की आतलं कुणालाच दिसणार नाही.

आता कापड. हल्ली पुष्कळ जण पॉलिएस्टरचं कापड वापरतात आणि इस्त्रीने ताणून घेतात. टिकतं जास्त, काम सोपं. या विमानाच्या मालकांना मात्र मूळचं हवं होतं, म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याचं लिनन. ते हातात घेतलं तेव्हा मला खादी आठवली, पण खादीपेक्षा विण घट्ट आणि धागा गुळगुळीत. वजन चौरस यार्डाला साधारण ४ औंस. ओढलं तर देत नाही. तिरकं ओढलं तर थोडं देतं, म्हणूनच उभा धागा पंखाच्या रुंदीच्या दिशेने, म्हणजे वारा ज्या दिशेने वाहणार त्या दिशेने ठेवायचा.

पन्हा पंखाच्या लांबीला पुरत नाही, म्हणून तुकडे जोडावे लागतात. शिवण अशी की दोन्ही कडा एकमेकींत दुमडून जातात आणि वरून दोन समांतर टिपा पडतात, कच्ची कड कुठेही उघडी राहत नाही. पुरुषांच्या चांगल्या शर्टाच्या बाजूला असते तीच. हे काम मला आलं. मशीनवर बसल्यावर हात आपोआप चालू लागला आणि मिस्त्री काही न बोलता शेजारच्या टेबलाकडे गेले.

पण चूक झाली ती बसवताना. ब्लाउज शिवणारीच्या मुलीला एकच गोष्ट शिकवलेली असते, अंगासरशी बसलं पाहिजे. मी अभ्रा तसाच बेतला, अगदी मापात. चढवताना घाम फुटला, पण चढला, आणि दिसायला सुरेख दिसत होता. एकही सुरकुती नाही. मिस्त्रींनी मागच्या कडेवरून बोट फिरवलं आणि नकारार्थी मान हलवली. डोप वाळताना कापड आकसतं, त्याला आकसायला जागा लागते. मी जागाच ठेवली नव्हती. तसंच डोप दिलं असतं तर दोन फासळ्यांच्या मधली कड आत ओढली गेली असती आणि पंख करवतीच्या पात्यासारखा दातेरी झाला असता, कदाचित फासळ्याही पिळवटल्या असत्या. उलट ढिलं ठेवलं तर डोपही ताण आणू शकत नाही आणि कापड हवेत फडफडतं. या दोन्हींच्या मधलं माप कुठल्याही पट्टीवर नसतं. बोटांत यावं लागतं. मी सगळं उसवलं. दोन शनिवार गेले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आईचा नियम आठवला की उसवलेलं वाया जात नाही, आणि दुसऱ्या वेळी अभ्रा सरकन गेला, हाताखाली थोडासा हलला, मिस्त्रींनी मान डोलावली.

उघडी बाजू हाताने शिवून बंद केली. मग सुरू झाला या कामाचा सर्वांत आवडता भाग.

पंखाला वरून आणि खालून कापड आहे, पण ते फासळ्यांना कशाने धरलेलं आहे? अजून कशानेच नाही. उडताना पंखाच्या वरच्या अंगावरची हवा कापडाला बाहेर ओढते. विमान हवेत टिकतं ते त्या ओढीवर. कापड फासळीपासून सुटलं तर फुग्यासारखं वर येईल, पंखाचा आकार जाईल आणि विमान पडेल. म्हणून प्रत्येक फासळीला वरचं आणि खालचं कापड आरपार दोऱ्याने बांधून टाकतात. आपण गादीला टाके घालतो तसंच, कापूस सरकू नये म्हणून.

त्यासाठी पंख पुढच्या कडेवर उभा केला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. सुई फूटभर लांब. दोरा लिननचाच, मधमाशीच्या मेणाच्या गोळ्यावरून ओढून घेतलेला, म्हणजे गाठ घसरत नाही आणि ओल शिरत नाही. मेण लावताना बोटांना येणारा तो चिकट खरखरीतपणा मला थेट गच्चीवर घेऊन गेला, भाऊ मांजा गुंडाळायचे तेव्हा फिरकी माझ्या हातात असायची.

फासळीवर आधी सुती पट्टी ठेवायची, दोऱ्याने कापड कापलं जाऊ नये म्हणून. मग मी फासळीला अगदी खेटून सुई आत घालायची. पलीकडे त्यांना सुईचं टोक दिसलं की त्या ओढून घ्यायच्या, फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत पाठवायच्या, मी गाठ मारायची, आणि साधारण तीन इंचांवर पुढचा टाका. प्रॉपेलरच्या झोतात येणारा मुळाजवळचा भाग असेल तिथे अंतर आणखी कमी. आम्ही एकमेकींना दिसत नव्हतो. त्यांच्या मागे दिवा होता, त्यामुळे कापडावर त्यांच्या हाताची सावली पडायची आणि सुई कुठे येणार ते मला त्या सावलीवरून कळायचं. पहिल्या दिवशी सुई दर वेळी भलतीकडे निघत होती. तिसऱ्या दिवशी न बोलता काम चालू लागलं. नंतर तर आम्ही पंखाच्या आरपार गप्पा मारायला लागलो, मुलांच्या, गुडघ्यांच्या, त्यांनी वर्गात शिकवलेल्या दख्खनच्या पठाराच्या. त्यांनी ते पाहिलं नव्हतं. काळी माती कशी भेगाळते ते मी त्यांना सांगितलं.

गाठ फार आवळायची नाही. जोर लावला की फासळी चिमटली जाते. सैल ठेवली तर दोरा कापडावर घासत राहतो. आणि गाठ तुटली तरी शेजारचे टाके सुटू नयेत, म्हणून प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ. एका फासळीला तास-दीड तास लागायचा.

त्याच दिवसांत मी लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये एमी जॉन्सन यांचं विमान पाहायला गेले. जेसन नावाचं जिप्सी मॉथ, ६०० पौंडांना घेतलेलं जुनं. ५ मे १९३० ला त्या क्रॉयडनवरून एकट्या निघाल्या आणि २४ मेला ऑस्ट्रेलियात डार्विनला उतरल्या. २६ वर्षांच्या होत्या. मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो वेगळ्या गोष्टीसाठी. स्टॅग लेनच्या हँगरमध्ये हात काळे करून त्यांनी विमान दुरुस्त करायचाही परवाना मिळवला होता, तो मिळवणारी ब्रिटनमधली पहिली स्त्री. प्रवासात त्याची गरज पडलीच. कराचीहून अलाहाबादला निघाल्या आणि इंधन संपत आल्यावर झाशीच्या परेड मैदानावर उतराव्या लागल्या, तिथे पंखाला मार बसला. पुढे रंगूनजवळ इनसीनला विमान खड्ड्यात गेलं आणि पंख फाटला. तिथल्या लोकांनी पंखाला ठिगळं लावली ती शर्टांची. महायुद्धातलं उरलेलं विमानाचं कापड विकलं गेलं होतं, कुणीतरी त्याचे शर्ट शिवले होते, आणि ते शर्ट फाडून पुन्हा पंखावर आले.

म्युझियममध्ये ते विमान उंच टांगलेलं आहे. मी खाली उभी राहून मान दुखेपर्यंत पंखाकडे बघत होते. गावात एक सुतार आणि एक शिंपी असेल तर हे विमान पुन्हा उडवता येत होतं. धातूच्या पत्र्याचं विमान तिथे मोडलं असतं तर एमी जॉन्सन बर्मातून पुढे गेल्याच नसत्या. या विमानांनी जग जवळ आणलं ते इंजिनाच्या ताकदीवर नाही. १०० अश्वशक्ती म्हणजे आजची साधी मोटार. ती पोचली ती जिथे उतरतील तिथल्या माणसांच्या हातांत त्यांची दुरुस्ती होती म्हणून. मला हे मनापासून पटलेलं आहे आणि मी ते वर्कशॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगते.

आता डोप. नायट्रोसेल्युलोज द्रावणात विरघळवून केलेलं. वास थेट नेलपॉलिशचा, कारण दोन्हींच्या पोटात एकच माल. भयंकर पेट घेतं. त्यामुळे नायलॉनचे कपडे नाहीत, ठिणगी पडेल असं काही नाही, भिजलेली फडकी लगेच पाण्याच्या बादलीत. तोंडावर मुखवटा. पहिल्या महायुद्धात डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन असायचं, ते लावणाऱ्या कामगारांना, त्यांत पुष्कळ बायका होत्या, विषारी कावीळ झाली आणि काही जणी गेल्या. मग ते द्रावण बंद झालं. मुखवट्याचा पट्टा आवळताना मी दर वेळी त्यांची आठवण काढत असे.

पहिला हात ब्रशनेच द्यायचा, फवाऱ्याने नाही, कारण डोप धाग्यांत शिरून आतल्या बाजूला उमटलं पाहिजे. त्यात लोहाचा लाल रंग मिसळलेला असतो, उन्हाने लिनन कुजू नये म्हणून. मी ब्रश बुडवून पहिला पट्टा ओढला आणि थांबले. तो गेरू होता. दिवाळीच्या आधी आई तुळशीवृंदावनाला लावायची तो रंग, तसाच.

आणि मग पोटात गोळा आला. इतक्या महिन्यांच्या मेहनतीने बसवलेलं कापड ओलं होताच लोळागोळा झालं. खोलगट पडलं, फासळ्यांच्या मध्ये ओल्या पोतेऱ्यासारखं लोंबायला लागलं. मला वाटलं, या वेळी मी सैल ठेवलं. मिस्त्री म्हणाले, चहा पिऊन या. आम्ही बाहेर गेलो. परत आलो तोवर कापड हळूहळू वर येत होतं, आणि नीट कान दिला तर बारीक कुरकुर ऐकू येत होती, ताण घेणाऱ्या धाग्यांची. दुसऱ्या दिवशी सकाळी टिचकी मारली तर आवाज आला. तिसऱ्या हातानंतर तो आवाज ढोलकीच्या शाईशेजारच्या कातड्यासारखा खणखणीत झाला. मी एकेका फासळीमध्ये बोट वाजवत पंखाच्या टोकापर्यंत गेले. सगळीकडे एकच सूर लागला पाहिजे. मुळाशी किंचित खालचा लागत होता, मिस्त्रींनी तिथे एक हात जास्त द्यायला सांगितलं.

यात सर्वांत मोठा शत्रू दमट हवा. द्रावण उडून जाताना कापड थंड पडतं, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि डोपवर पांढरट धुकं उमटतं. तिथे ताणही नीट येत नाही, चिकटही धरत नाही. फेब्रुवारीत आम्ही तीन आठवडे नुसते थांबलो होतो, खोलीत हीटर आणि आर्द्रतामापक, काटा खाली येण्याची वाट बघत. तेव्हा मला जुहूची आठवण व्हायची. खाडीकाठची चिखलाची जमीन, पावसाळ्यात भरतीला पाण्याखाली जाणारी. टाटांची टपाल सेवा पावसाळ्यात पुण्याला हलवावी लागे. त्या हवेत, त्या काळात, ही कापडाची विमानं उडती ठेवणारे मेकॅनिक आणि शिंपी कोण होते, त्यांची नावं वैमानिकांच्या नावांशेजारी यायला हवी होती.

दुसऱ्या हातातच प्रत्येक फासळीच्या टाक्यांवर दातेरी कडेच्या पट्ट्या चिकटवल्या. कड दातेरी असली की धागे सुटत नाहीत आणि वाऱ्याला ती उचलता येत नाही. खाली बुडबुडा राहिला तर तो बोटाने कडेपर्यंत सारत न्यायचा. मग खालच्या अंगाला, मागच्या कडेजवळ, प्रत्येक दोन फासळ्यांच्या मध्ये एकेक लहान कडं चिकटवलं आणि त्याच्या आतलं कापड धारदार पात्याने गोल कापून काढलं. निचऱ्याची भोकं. हे काम मी मागून घेतलं. त्या तीन कुजलेल्या फासळ्या माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हत्या. लाल रंगावर ॲल्युमिनियमचे हात, त्यावर शेवटचा रंग. रंगही मोजून, कारण प्रत्येक हात म्हणजे वजन.

पंख विमानाला जोडणं, तारा आवळून दोन्ही बाजूंचे कोन जुळवणं हे माझं काम नव्हतं. मी तारांच्या टोकाशी पाना धरून उभी राहिले एवढंच. परत एकदा तपासणी, परत सह्या. पहिल्या उड्डाणाला अनुभवी वैमानिक एकटे गेले आणि वीस मिनिटांनी परत येऊन म्हणाले की उजवा पंख किंचित जड आहे. तार थोडी सोडली, दुसऱ्यांदा गेले, तक्रार राहिली नाही.

जूनमध्ये मला पुढच्या खोबणीत बसवून नेलं. प्रॉपेलर हाताने फिरवून इंजिन चालू केलं, चाकांपुढच्या ठोकळ्या ओढल्या, गवतावरून धडधडत गेलो आणि धडधड थांबली तेव्हा कळलं की जमीन सुटली. लोक खाली बघतात. मी उजवीकडे खालच्या पंखाकडे बघत होते. रंगाच्या थरांखालूनही प्रत्येक फासळीवर टाक्यांची रांग उमटलेली दिसत होती, तीन-तीन इंचांवर बारीक उंचवटे. वेग वाढला तसं दोन फासळ्यांमधलं कापड अगदी थोडं, बोटाच्या पेराइतकंही नाही, वर उचललं गेलं आणि तिथेच थांबलं. टाक्यांनी धरलं. मी मोजत होते आणि वाऱ्याने डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

उतरलो आणि सर आली. हँगरच्या तोंडाशी दुसऱ्या विमानाचं काम चालू असल्याने आमचं अर्धा तास बाहेर राहिलं. पाऊस थांबल्यावर सगळे फडकी घेऊन धावले. मी ओल्या गवतावर पंखाखाली आडवी झाले. मागच्या कडेजवळच्या भोकांतून थेंब पडत होते, एक, दोन, तीन, पुढे पुढे. टोकाकडच्या एका भोकाशी काहीच नव्हतं. डोक्यातली पिन काढली, हलक्या हाताने कड्याच्या आतून फिरवली. रंगाची एक पापडी निघाली आणि पाणी माझ्या मनगटावर पडलं.